गुहेच्या तोंडाशी वाजणारी किंगरी

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मुलांना जादूची गोष्ट सांगा म्हटलं, तर ती लंडनच्या रेल्वे स्टेशनावरून सुरू होते. हिंदीत डब केलेले सिनेमे मोबाइलवर बघून हॅरी पॉटरच्या शाळेतली चारही घरं त्यांना तोंडपाठ झाली आहेत. त्यात वाईट काही नाही. मीसुद्धा ते सिनेमे आवडीने पाहिले. पण आठवी-नववीला उर्दू आणि मराठी शिकवताना एक गोष्ट सारखी जाणवते. कल्पनेतली गोष्ट लिहायला दिली की मुलांच्या पात्रांची नावं परदेशी असतात, त्यांच्या घरात शेकोटीचं धुराडं असतं, आणि गोष्टीत जंगल आलंच तर त्यात मोहाचं एकही झाड नसतं. ताडोबाच्या वाघाच्या बातम्या रोज ऐकणारं पोर गोष्टीत मात्र बर्फातला लांडगा आणतं.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरला शिकणाऱ्या माझ्या भाचीने एक इंग्रजी कादंबरी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "खाला, ये आप के बच्चों के काम की है." कादंबरीचं नाव 'शॅडोशेपर'. लेखक डॅनियल होसे ओल्डर. 2015 साली अमेरिकेत आलेली ही किशोरवयीन मुलांसाठीची कादंबरी. माझं इंग्रजी बीएडपुरतं. शब्दकोश शेजारी घेऊन वाचायला मला तीन आठवडे लागले.

गोष्ट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली आहे. सिएरा नावाची सावळी, कुरळ्या केसांची मुलगी. घरचे मूळचे पोर्तो रिकोचे. ती एका पडीक इमारतीच्या भिंतीवर भलंमोठं ड्रॅगनचं चित्र काढते आहे. एक दिवस तिच्या लक्षात येतं की वस्तीतली जुनी भित्तिचित्रं फिकी पडू लागली आहेत. नुसती फिकी नाही, त्यातल्या एका चेहऱ्याच्या डोळ्यातून अश्रू वाहतो आहे. हळूहळू तिला उलगडतं की तिच्या आजोबांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या अंगी एक विद्या होती. पूर्वजांच्या आत्म्यांना चित्रात, गाण्यात किंवा गोष्टीत उतरवायची विद्या. चित्र काढणारा चित्रातून, वाजवणारा वाजवण्यातून आणि सांगणारा सांगण्यातून ते करतो. हात जितका तयार, तितकी जादू भक्कम.

इथवर मी मजेने वाचत होते. पुढच्या एका गोष्टीने मात्र मला पुस्तक मिटून बसायला लावलं. सिएराच्या भावाला ही विद्या ठाऊक असते. घरात तिलाच कुणी सांगितलेलं नसतं, कारण ती मुलगी. आजोबांनी ठरवून टाकलेलं असतं की हे पुरुषांचं काम. आईला सगळं माहीत असतं, पण तो विषयच तिला नको असतो. आणि त्याच आजोबांनी एका बाहेरच्या माणसाला, विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या प्राध्यापकाला, ही विद्या दिलेली असते. तो विक नावाचा प्राध्यापक आधी टिपणं काढतो, मग विद्या शिकतो, मग ती सगळी आपल्या एकट्याच्या ताब्यात असावी म्हणून उठतो. म्हणजे नातीला नाही मिळालं, परक्याला मिळालं. भिंतीवरचे चेहरे रडतील नाहीतर काय करतील?

शेवट सांगत नाही, भाचीने तशी ताकीद दिली आहे. पण पुस्तक संपल्यावर माझ्या डोक्यात ब्रुकलिन उरलं नाही. आपल्याकडची तीन माणसं आठवत राहिली. एक आमच्या दास्तानीतला, एक कुरआनातले, आणि एक इथून रेल्वेने जाता येईल अशा डोंगरातला.

दास्तानीतला माणूस म्हणजे अमर अय्यार. माझी नानी राजुऱ्याची. राजुरा तेव्हा निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. तो तालुका 1959 साली चांदा जिल्ह्यात आला. तिचं शिक्षण चार इयत्ता, तेही उर्दूत, पण अमर अय्यारच्या करामती तिला सगळ्या येत. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने 1883 पासून पुढच्या दहा वर्षांत 'तिलिस्मे होशरुबा'चे जाडजूड खंड छापले. पहिले चार मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. नानीने त्यातला एकही खंड हातात धरला नसेल. गोष्टी तिच्यापर्यंत कानाने आल्या आणि माझ्यापर्यंतही कानानेच.

अमर अय्यारजवळ सगळं जग मावेल अशी झोळी आहे, तिला जंबील म्हणतात. ती पोरांना फार आवडते. पण नानी सांगायची ती वेगळी गोष्ट. मोठमोठे जादूगार तलवारीने हरत नाहीत, ते अमरच्या गळ्याने हरतात. तो गवयाचं सोंग घेऊन दरबारात शिरतो, असं गातो की जादूगार स्वतःचा मंत्र विसरतो. आणि हा गळा त्याचा स्वतःचा नाही. दास्तान सांगते की ती हजरत दाऊद यांच्याकडून मिळालेली देणगी आहे.

आता दाऊद अलैहिस्सलाम यांच्याविषयी. मुसलमान घरात गोड आवाजाला आजही 'लहने दाऊदी' म्हणतात. कुरआनात सूरह सबामध्ये आहे की डोंगर आणि पाखरं त्यांच्यासोबत अल्लाहची स्तुती करत, आणि लोखंड त्यांच्यासाठी मऊ करण्यात आलं. सूर आणि लोखंड, दोन्ही एकाच आयतीत. गाणं-बजावणं जायज की नाजायज या वादावर आमच्याकडे ग्रंथच्या ग्रंथ आहेत, मी त्यात इथे शिरत नाही. माझं म्हणणं एवढंच की सुरापुढे डोंगर बोलतात ही कल्पना आमच्या मुलांना परकी नाही. ती त्यांच्या घरच्या कपाटात, गिलाफात गुंडाळून ठेवलेली आहे.

तिसरा माणूस मला शाळेच्या स्टाफरूममध्ये भेटला. आमचे एक सहकारी धानोरा तालुक्यातले, गोंड समाजाचे. डब्बा खाताना मी त्यांना 'शॅडोशेपर'ची गोष्ट सांगत होते. चित्रं, गाणी, पूर्वज, वगैरे. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, हे तर आमच्या कचारगडचं आहे जी." आणि त्यांनी हिरासुका पाटालीरची गोष्ट सांगितली.

कचारगड गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात आहे. आपल्या बल्लारशाहहून गाडीत बसायचं, मूल, नागभीड, वडसा करत गोंदियाला उतरायचं, तिथून पुढे दरेकसा. जंगलातल्या डोंगरात एक प्रचंड गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे कोया पुनेम मानणाऱ्या गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रातून, मध्य प्रदेशातून, छत्तीसगडमधून आणि तेलंगणातून लोक येतात. ते या गुहेकडे आपल्या उगमाची जागा म्हणून येतात.

गोष्ट अशी. माता काली कंकालीची तेहतीस मुलं. खोडकर, कुणाला न जुमानणारी. शंभूशेकने त्यांना गुहेत कोंडलं आणि तोंडावर मोठा दगड लावला. आई बाहेर रडते आहे. रायताड जंगो या मुलांना सांभाळणारी, तीही हतबल. पहांदी पारी कुपार लिंगो हा शहाणा, त्याला कळतं की हा दगड बाहेरून हलणारा नाही. मग हिरासुका पाटालीर नावाचा वाजवणारा येतो. तो गुहेच्या तोंडाशी बसून किंगरी वाजवू लागतो. सूर दगडाच्या फटीतून आत जातात. उपाशी, घाबरलेली, एकमेकांशी भांडून थकलेली ती मुलं ऐकतात. त्यांच्या अंगात बळ येतं. तेहतीस जण मिळून आतून जोर लावतात आणि दगड गडगडत बाहेर सुटतो.

दगडाच्या वाटेत हिरासुका बसलेला असतो. तो त्याखाली सापडतो.

सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात, पण शेवट बदलत नाही. पुढे लिंगो त्या मुलांना शिकवतो, त्यांच्यापासून गोंडांची कुळं होतात. आणि वाजवणारा पहिल्याच दिवशी गेलेला असतो.

डब्बा तसाच राहिला. मला हदीस आठवली, सहीह बुखारीतली. तीन प्रवासी पावसात सापडतात, गुहेत शिरतात, आणि वरून घरंगळलेला दगड गुहेचं तोंड बंद करतो. ते ठरवतात, प्रत्येकाने आपलं एक असं काम आठवायचं जे निव्वळ अल्लाहसाठी केलं. पहिला म्हणतो, म्हातारे आईबाप झोपले होते म्हणून मी दुधाचं भांडं घेऊन पहाटेपर्यंत उभा राहिलो, पोरं रडत होती तरी आधी त्यांनाच पाजलं. दगड थोडा सरकतो. दुसरा, हातातोंडाशी आलेल्या पापापासून मागे फिरलेला. दगड आणखी सरकतो. तिसरा म्हणतो, एक मजूर आपली मजुरी न घेता निघून गेला होता, मी ती वाढवत ठेवली, आणि तो परत आला तेव्हा त्यातून झालेली सगळी गुरं त्याच्या हवाली केली. दगड पूर्ण बाजूला होतो.

सहकाऱ्यांना मी ही हदीस सांगितली. दोन गुहा, दोन दगड. दोन्ही दगड आत अडकलेल्यांच्याच बळाने हलतात. फरक इतकाच की हदीसमध्ये आठवण करून देणारं आतच आहे, कचारगडला ते बाहेर बसलं आहे. ते हसून म्हणाले, "तुमच्यात मजुराला मजुरी मिळाली. आमच्या हिरासुकाला काय मिळालं?"

हा प्रश्न मी घरी घेऊन आले.

लिंगोची गोष्ट पहिल्यांदा कागदावर आली ती नागपूरला. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरात राहत. त्यांनी एका परधान पुजाऱ्याच्या तोंडून लिंगोचं लांबलचक गीत उतरवून घेतलं. परधान म्हणजे गोंडांचे गाणारे, वंशावळी आणि देवकथा वाद्यावर सांभाळणारे लोक. हिस्लॉप 1863 साली वारले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी 1866 साली छापले. त्या गीतात हिरासुकाची नाही, लिंगोची करामत आहे. लिंगो भोपळा घेतो, बांबू घेतो, केसाची तार ओढतो, वाद्य तयार करतो आणि झाडावर बसून असं वाजवतो की खाली तापट राक्षस आणि त्याची म्हातारी नाचायला लागतात. बस्तरच्या मुरियांमध्ये तर सांगतात की लिंगो अठरा वाद्यं एकाच वेळी वाजवायचा. आणि गोंड ज्या गुहेत कोंडले जातात तिचं नाव त्या गीतात काचीकोपा लोहागड. म्हणजे लोखंडाचा डोंगर. दाऊदी आयतीत सुराशेजारी लोखंड, इथेही सुराशेजारी लोखंड. आज आमच्या एटापल्लीतल्या सुरजागडचं लोखंड ट्रक भरभरून बाहेर जातं, तेव्हा मला ही दोन्ही आठवतात.

'शॅडोशेपर' वाचून लगेच म्हणावंसं वाटतं की हिस्लॉप म्हणजे आपल्याकडचा विक. मला तसं म्हणता येत नाही. त्यांनी लिहून घेतलं म्हणून दीडशे वर्षांमागचं ते गीत आपल्याला वाचायला तरी मिळतं. आणि शिकून घेणारे सगळे सारखे नसतात. आमच्या भागापुरतं बोलायचं तर सेतुमाधवराव पगडी आठवतात. निजामाच्या राज्यातले मराठी अधिकारी, उर्दू-फारसीचे जाणकार. त्यांनी आदिलाबादकडच्या गोंडांमध्ये जाऊन त्यांची भाषा शिकली आणि गोंडी व्याकरण लिहिलं. त्याच माणसाने मराठी वाचकाला उर्दू शायरीची ओळख करून दिली. उर्दू, मराठी आणि गोंडी एका माणसाच्या डोक्यात सुखाने नांदू शकतात, याचा मला तो पुरावा वाटतो. विक वाईट ठरतो तो शिकला म्हणून नाही. शिकल्यावर त्याला बाकीचे नकोसे झाले, म्हणून.

पण कागदावर उतरलेली गोष्ट आणि मुलांच्या अंगात उतरलेली गोष्ट वेगळी. अंगात उतरवायची जागा आपल्याकडे होती आणि काही गावांत अजून आहे. तिला गोटूल म्हणतात. गडचिरोलीतल्या माडिया-गोंड गावांत तरुण मुलामुलींनी एकत्र यायची ती घरं. गोटूलविषयी बाहेरच्या माणसाला विचारलं की तो आधी डोळा मिचकावतो. याला बाहेरून येऊन चघळत लिहिणारे जबाबदार आहेत. आतल्या माणसाला विचारलं तर तो सांगतो, तिथे रेला नाचायला शिकलो, ढोल धरायला शिकलो, मोठ्यांसमोर कसं बोलायचं ते शिकलो, लग्नाकार्यात गावासाठी राबायला शिकलो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचं नाव आज सामूहिक वनहक्कासाठी देशभर घेतात. 2009 साली त्यांना तो हक्क मिळाला. मिलिंद बोकील यांचं 'गोष्ट मेंढा गावाची' वाचलं तर दिसतं की जंगलाच्या लढ्यासोबत त्या गावाने आपल्या गोटूलचीही फिकीर केली. पोरांच्या नाचगाण्याची जागा आणि जंगलावरचा हक्क, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं त्या गावाला वाटलं नाही.

आणि झाडीपट्टी तर आहेच. दिवाळी झाली, धान घरात आलं की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. शंकरपट, मंडई आणि रात्रभर नाटक. नवव्या वर्गातली पोरं सकाळी वर्गात पेंगतात, तेव्हा मी विचारते, "कुठलं नाटक होतं रे?" 2023 साली कुरखेडा तालुक्यातल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीत आयुष्य काढल्याबद्दल. त्या दिवशी माझ्या वर्गातल्या एका पोट्ट्याने विचारलं, "मॅडम, नाटकात काम केल्यावर राष्ट्रपती बोलावते का?" मी म्हटलं, बोलावतात. त्याने वहीच्या मागच्या पानावर आपली सही करून बघितली.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आमची गत आहे. अठरा वाद्यं वाजवणारा लिंगो आमचा, दगडाला हलवणारी किंगरी आमची, जादूगाराला गाऊन हरवणारा अमर अय्यार आमचा. आणि पोरं लंडनच्या खांबातून आरपार जाण्याची वाट बघतात. दोष पोरांचा नाही. सिएराच्या घरासारखं आपल्या घरातही कुणीतरी सांगायचं थांबलं आहे.

हे कसं थांबतं ते मी एका मुलीच्या बाबतीत जवळून पाहिलं. ती माझ्या नववीच्या वर्गात होती. वहीच्या समासात जाळ्या काढायची. षटकोनातून तारा, ताऱ्यातून फूल, सगळं कंपासशिवाय, नुसत्या हाताने. मी विचारलं, कुठे शिकलीस? आधी म्हणाली, असंच. मग कळलं की तिचे दादा, म्हणजे अब्बूचे अब्बू, ताजिये बनवायचे. बांबूच्या कामट्या तासून सांगाडा, त्यावर रंगीत कागदाची कातरलेली जाळी. मोहर्रममध्ये तो ताजिया बघायला हिंदू बायका पोरांना घेऊन यायच्या, ताजियाखालून पोरांना काढायच्या. दादांनी हे नातवांना शिकवलं होतं. नातीला नाही. ती दाराआडून बघून शिकली. नातू आता एक पुण्याला गोदामात, एक हैदराबादला. आणि मोहल्ल्यात अलीकडे म्हणू लागले की ताजिया ही बिदअत आहे, बंद करा. दादांनी सुऱ्या-कातऱ्या पत्र्याच्या पेटीत ठेवून दिल्या.

तेव्हा मला कळलं की आमच्याकडे विक बाहेरून यावा लागत नाही. भिंत आम्हीच पुसतो. कधी धर्माच्या नावाने, कधी मुलगी म्हणून, आणि सगळ्यात जास्त 'याचा उपयोग काय' म्हणून. तिच्या अब्बूंचा प्रश्न हाच होता. पालकसभेला ते ऑटो बाहेर उभी करून आले. अदबीने बोलणारा माणूस. म्हणाले, "मॅडम, लड़की होशियार है, पर ये फूल-पत्ती से क्या होगा?" मी त्यांना सांगितलं की एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा असतात, त्यांचे दहावीला वाढीव गुण मिळतात. ते खूश झाले. "नंबर मिलते? फिर तो ठीक है." लिंगोच्या अठरा वाद्यांना आज दहावीच्या गुणपत्रिकेत इतकीच जागा आहे. पण दगडाला फट पडायची तर ती जिथून पडेल तिथून पाडावी. मी ती फट घेतली.

आमच्या शाळेत कलाशिक्षक नाही. म्हणून वर्गाने एक हस्तलिखित करायचं ठरवलं. प्रत्येकाने घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एक गोष्ट विचारायची, अशी गोष्ट जिच्यात कुणीतरी गाऊन, वाजवून, काढून किंवा बोलून काहीतरी अशक्य करतं. ज्या भाषेत मिळेल त्या भाषेत लिहायची. उर्दू, मराठी, झाडीबोली, आणि सहकाऱ्यांच्या वर्गातल्या मुलांनी देवनागरीत गोंडी.

पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं म्हणाली, "हमारे घर में कोई कहानी नहीं है." मी म्हटलं, कहानी विचारू नका, विचारा की लहानपणी रात्री वीज नसताना काय करायचात. मग गोष्टी यायला लागल्या. एकाच्या नानीने दळताना ओवी म्हटली की जातं हलकं होतं म्हणून सांगितलं. वरोऱ्याकडच्या एका मुलाच्या आजोबांनी एका बासरीवाल्याची गोष्ट दिली, ज्याच्या मागे वाट चुकलेली गुरं घरी येत. एका मुलीने लिहिलं की तिची दादी मेहंदी काढताना नवरीचं दुःख हातातून ओढून घ्यायची, आणि त्या रात्री दादीचे हात दुखायचे. हे वाचून मला हिरासुका आठवला. पोरीला मी काही सांगितलं नव्हतं. तिला ते आपसूक ठाऊक होतं की जो दुसऱ्याला बळ देतो त्याच्या अंगावर थोडा दगड येतोच.

कचारगडची गोष्ट मी सगळ्यांना वर्गात सांगितली, हदीसही सांगितली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, वो बजाने वाला बाजू क्यों नहीं हुआ?" वर्गात वाद झाला. कुणी म्हणालं त्याचे डोळे मिटलेले होते. कुणी म्हणालं तो बाजूला झाला असता तर वाजवणं थांबलं असतं, आणि पोरांचा जोर ओसरला असता. ताजियेवाल्यांची नात शेवटी बोलली. "उस को मालूम था," ती म्हणाली, "पर सुनने वाले अंदर थे ना."

शिक्षकाच्या पेशात वीस वर्षं झाली, पण आपण नेमके कुठे बसलो आहोत हे मला तिने त्या दिवशी सांगितलं. गुहेच्या आत मुलं आहेत. दगड ती हलवतील, मी नाही. माझं काम फटीजवळ बसून सूर आत सोडायचा. त्यात काही माझं जाईल, वेळ जाईल, लोकांचं चार ऐकावं लागेल. ऐकावं लागलंही. एका पालकाने विचारलं की उर्दूच्या तासाला गोंडांच्या देवाची गोष्ट कशाला? दुसऱ्याने, वेगळ्या वर्गातून, विचारलं की आमच्या पोराला कुरआनातल्या गोष्टी का सांगता? दोघांनाही मी हस्तलिखितातली त्यांच्याच घरातली गोष्ट वाचून दाखवली. दोघेही मिळमिळीत हसून चहा घेऊन गेले. प्रश्न सुटला असं म्हणणार नाही. पण पोरांच्या वह्या कुणी परत नेल्या नाहीत.

हस्तलिखित तयार झालं तेव्हा एक अडचण आली. उर्दू उजवीकडून लिहितात, मराठी डावीकडून. दोन वेगळे अंक करावेत असं मुलांचं ठरत होतं. मग लक्षात आलं की एकच वही दोन्हीकडून उघडते. उर्दूचं मुखपृष्ठ एका बाजूला, मराठी-गोंडीचं दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही मजकूर मधल्या पानांवर येऊन भेटतात. त्या मधल्या जोडपानावर काय असावं यावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं.

ते पान ताजियेवाल्यांच्या नातीने केलं. त्यासाठी तिने दादांना पेटी उघडायला लावली. दादांचा हात आता थरथरतो, कात्री धरवत नाही. पण कागद किती घड्या घालून धरायचा, आणि जाळी कापताना कागद फिरवायचा, कात्री नाही, हे त्यांनी तिला तोंडाने सांगितलं. तिने काळ्या कागदाची गुहा कातरली. तिच्या तोंडावर दगड लावला, जाळीचा, म्हणजे आरपार दिसणारा. आत तेहतीस छोटे ठिपके आहेत, मुलांनी मोजले. आणि दगडासमोर, अगदी वाटेत, बांबूच्या बारीक सालीचा एक माणूस चिकटवला आहे. त्याच्या हातात किंगरी आहे.

हस्तलिखिताची एकच प्रत आहे. ती मुलं आळीपाळीने घरी नेतात. परवा ती परत आली तेव्हा मागच्या कोऱ्या पानावर अनोळखी अक्षरात, जुन्या वळणाच्या उर्दूत, एक नवी गोष्ट लिहिलेली होती. कुणाच्या तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसाने, कुणी न विचारता.

आता आणखी पानं शिवावी लागणार आहेत.